कुंडीतील चिलटे

कुंडीतील चिलटे किंवा बुरशीमाश्या म्हणजे ओलसर मातीत वाढणाऱ्या, द्विपंखी गणाच्या सायरिडी कुलातील लहान, काळपट माश्या होत. घरातील शोभेची झाडे, बाल्कनीतील कुंड्या, रोपवाटिका, हरितगृहे आणि अळिंबीची लागवड या ठिकाणी त्या प्रामुख्याने आढळतात. प्रौढ माशी माणसाला चावत नाही आणि झाडाची पानेही खात नाही. तिची अळी मात्र मातीच्या वरच्या थरात राहून बुरशी, शैवाल, कुजणारा पालापाचोळा आणि प्रसंगी झाडाची कोवळी मुळे खाते. त्यामुळे मोठ्या झाडांना सहसा धोका नसला, तरी नुकतीच उगवलेली रोपे आणि मुळे फुटत असलेली छाटकलमे दगावू शकतात.

घरात या माश्या दिसू लागणे हे बहुतेक वेळा कुंडीतील माती सतत ओली राहत असल्याचे लक्षण असते. उडणाऱ्या माश्या हा त्यांच्या एकूण संख्येचा अल्पसा भाग असून अंडी, अळ्या व कोष मातीत असतात. केवळ हवेत फवारणी करून त्यांचा बंदोबस्त होत नाही, तो मातीतील ओलावा कमी केल्याने होतो.

नाव

मराठीत चिलट, घुंगुरटे, मुरकूट हे शब्द कोणत्याही एका जातीसाठी वापरले जात नाहीत; डोळ्यांभोवती, फळांवर किंवा दिव्याजवळ घोंगावणाऱ्या अनेक प्रकारच्या बारीक माश्यांना ही नावे दिली जातात. पिकलेल्या केळ्यांवरची चिलटे आणि कुंडीतून उडणारी चिलटे ही दिसायला सारखी वाटली, तरी ती वेगवेगळ्या कुलांतील आहेत आणि त्यांच्यावरचे उपायही वेगळे आहेत. शेतीविषयक लेखनात, विशेषतः अळिंबी लागवडीच्या संदर्भात, या कीटकाला सायरिड माशी म्हणतात. सायरिडी हे कुलनाम छाया या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. या माश्यांचा रंग काळपट असतो आणि त्यांचे वास्तव्यही सावलीच्या, दमट जागी असते.

वर्गीकरण

बुरशीवर जगणाऱ्या माश्यांची अनेक कुले आहेत. त्यांपैकी मायसेटोफिलिडी कुलातील माश्या मुख्यतः जंगलात, कुजक्या लाकडावर व छत्रांवर आढळतात. मानवी वस्तीत आणि कुंड्यांत आढळणाऱ्या माश्या बहुधा सायरिडी कुलातील असतात. या कुलातील अडीच हजारांहून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे. कुंड्या व हरितगृहे यांत ब्रॅडिसिया या प्रजातीतील जाती, तर अळिंबीच्या लागवडीत लायकोरिएला व ब्रॅडिसिया या दोन्ही प्रजातींतील जाती उपद्रवी ठरतात.

वर्णन

प्रौढ माशी सुमारे २ ते ४ मिलिमीटर लांब, नाजूक बांध्याची आणि करड्या किंवा काळ्या रंगाची असते. पाय लांब व बारीक असतात. डोक्यावरील शृंगिका दोऱ्यासारख्या आणि अनेक मण्यांच्या बनलेल्या असतात. एकूण ठेवण डासासारखी दिसते. परंतु डासाची लांब सोंड या माशीला नसते. पंखांची एकच जोडी असते व पंख धुरकट पारदर्शक असतात. पंखातील एक शीर टोकाकडे दुभंगून इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसते. भिंगाखाली ही खूण स्पष्ट ओळखता येते.

या माश्या फार दूर किंवा वेगाने उडत नाहीत. कुंडी हलवली किंवा पाणी घातले की त्या मातीवरून उठतात, थोडे भिरभिरतात आणि पुन्हा मातीवर किंवा कुंडीच्या काठावर बसतात. पुष्कळदा त्या मातीवर धावतानाही दिसतात. प्रकाशाकडे त्यांचा ओढा असल्याने खिडकीच्या काचेवर आणि संध्याकाळी दिव्याजवळ किंवा संगणकाच्या पडद्यावर त्या येऊन बसतात.

अळी पाय नसलेली, पांढरट व इतकी पारदर्शक असते की तिच्या आतड्यातील अन्न बाहेरून दिसते. पूर्ण वाढलेली अळी सुमारे ५ ते ६ मिलिमीटर लांबीची असते. तिचे डोके चकचकीत काळे असते. मातीत आढळणाऱ्या इतर पांढऱ्या कृमींपासून तिला वेगळे ओळखण्याची हीच सर्वांत सोपी खूण आहे. अळ्या पुष्कळ झाल्या, तर मातीच्या पृष्ठभागावर गोगलगायीच्या मागासारखे चकाकणारे चिकट पट्टे दिसतात.

जीवनचक्र

अंडी, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार अवस्थांतून हे जीवनचक्र पूर्ण होते. मादी ओलसर मातीच्या भेगांत किंवा पृष्ठभागालगत अंडी घालते. एका मादीची अंडी १०० ते २०० पर्यंत असू शकतात. बुरशी वाढलेले आणि सेंद्रिय द्रव्य भरपूर असलेले माध्यम ती अंडी घालण्यासाठी पसंत करते.

सुमारे २४ अंश सेल्सियस तापमानाला अंडी साधारण ३ दिवसांत उबतात. अळी सुमारे १० दिवस खात राहते आणि या काळात वाढीच्या चार टप्प्यांतून जाते. त्यानंतर मातीतच कोष तयार होतो व सुमारे ४ दिवसांनी त्यातून प्रौढ माशी बाहेर पडते. अशा रीतीने अनुकूल तापमानात एक पिढी अडीच आठवड्यांत पूर्ण होते. थंडीत तिला तीन ते चार आठवडे किंवा अधिक काळ लागतो. प्रौढ माशीचे आयुष्य साधारण एक आठवड्याचे असते.

घरात हवामान वर्षभर फारसे बदलत नसल्याने या पिढ्या एकापाठोपाठ एक चालू राहतात. एकाच कुंडीत एकाच वेळी चारही अवस्था आढळतात. एखादा उपाय केल्यावर माश्या दोन-चार दिवस दिसेनाशा होतात आणि पुन्हा प्रकटतात, त्याचे कारण हेच आहे. उपायाच्या वेळी जी अंडी व कोष मातीत सुरक्षित होते, त्यांतून पुढची पिढी बाहेर पडलेली असते.

प्रादुर्भावाची कारणे

या माश्या घरात येण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे रोपवाटिकेतून आणलेले रोप किंवा मातीचे पोते. अर्धवट कुजलेले शेणखत, गांडूळखत किंवा कंपोस्ट यांत अंडी व अळ्या आधीपासून असू शकतात. उघड्या खिडकीतूनही माश्या आत येतात. परंतु आलेल्या माश्यांची वाढ होण्यासाठी सतत ओला राहणारा मातीचा थर आवश्यक असतो. तो पुढील कारणांनी निर्माण होतो :

- मातीची ओल न तपासता रोज ठरावीक वेळी पाणी घालणे.
- कुंडीला छिद्र नसणे किंवा ते बुजलेले असणे.
- रोपाची कुंडी शोभेच्या दुसऱ्या कुंडीत ठेवल्यामुळे तळाशी पाणी साचणे.
- लहान रोप फार मोठ्या कुंडीत लावणे. अशा कुंडीतील सर्व पाणी मुळे शोषून घेऊ शकत नाहीत.
- केवळ कोकोपीट व खत यांचे मिश्रण वापरणे. ते पाणी दीर्घकाळ धरून ठेवते. वरचा थर वाळलेला दिसला तरी आत ओल असू शकते.
- झाडाला उजेड कमी मिळणे. कमी उजेडात झाडाची पाण्याची गरजही कमी असते.

स्वयंपाकघरातील उरलेल्या पदार्थांचा खत म्हणून थेट वापर हेही एक कारण आहे. चहाचा चोथा, तांदूळ-डाळ धुतलेले पाणी, ताक, केळीच्या साली इत्यादी पदार्थ कुंडीत टाकण्याची पद्धत महाराष्ट्रात अनेक घरांत आहे. उघड्या वाफ्यात हे पदार्थ लवकर कुजून मातीत मिसळतात. घरातील लहान कुंडीत मात्र त्यांच्यावर बुरशी वाढते आणि ती अळ्यांचे अन्न बनते. हे पदार्थ आधी वेगळ्या भांड्यात पूर्ण कुजवून, मातीसारखे भुसभुशीत व वासरहित झाल्यावरच वापरणे योग्य ठरते.

महाराष्ट्रात पावसाळ्यात हा उपद्रव वाढतो. हवेतील आर्द्रता जास्त आणि ऊन कमी असल्याने कुंडीतील पाण्याचे बाष्पीभवन मंदावते. उन्हाळ्यात लावून घेतलेली रोज पाणी घालण्याची सवय तशीच चालू राहिल्यास माती वाळण्यास अवसर मिळत नाही. थंड देशांत याच अडचणीचा काळ हिवाळा असतो. तेथे राहणारी मराठी कुटुंबे तुळस, कढीपत्ता यांसारखी उन्हात वाढणारी झाडे थंडीत घरात घेतात. तेव्हा दिवस लहान असतो, झाडाची वाढ मंदावलेली असते, आणि उन्हाळ्याइतकेच पाणी घातल्यास माती ओली राहते.

वनस्पतींवरील परिणाम

अळ्यांचे मुख्य अन्न बुरशी व कुजके सेंद्रिय द्रव्य हे आहे. त्यांची संख्या वाढली किंवा हे अन्न अपुरे पडले, की त्या मूलरोम आणि कोवळ्या मुळ्या कुरतडतात. काही वेळा खोडाच्या तळाशीही शिरतात. मुळांची शोषणक्षमता कमी झाल्याने रोप मलूल दिसते, खालची पाने पिवळी पडतात, वाढ खुंटते. मुळांना झालेल्या जखमांतून रोगकारक बुरशीला प्रवेश मिळतो. पिथियम व फ्युजेरियम यांसारख्या बुरशींचा प्रसार या माश्या व त्यांच्या अळ्यांमार्फत होऊ शकतो. रोपवाटिकांत होणाऱ्या रोपे कोलमडण्याच्या रोगाशी या कीटकाचा संबंध यामुळेच जोडला जातो.

घरगुती बागकामात याहून मोठे नुकसान लक्षणांचा चुकीचा अर्थ लावल्याने होते. अतिरिक्त पाण्याने मुळांना हवा मिळेनाशी होते आणि ती कुजू लागतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. म्हणून माती ओली असूनही पाने माना टाकतात. हे दृश्य तहानलेल्या झाडासारखेच असते. ते पाहून आणखी पाणी घातले जाते, मुळे अधिक कुजतात, बुरशी वाढते व तिच्याबरोबर अळ्याही वाढतात. अशा स्थितीत झाड मेल्यास दोष माश्यांना दिला जातो; प्रत्यक्षात झाड व माश्या या दोहोंच्या स्थितीचे मूळ कारण पाणी हेच असते. पान मलूल दिसल्यावर पाणी घालण्यापूर्वी मातीत बोट घालून पाहणे ही साधी कृती अनेक झाडे वाचवू शकते.

साम्य असलेले कीटक

उपाय करण्यापूर्वी कीटकाची ओळख पटवणे आवश्यक असते. कुंडीतील चिलटांशी पुढील कीटकांची गल्लत होते :

- फळांवरील चिलटे (ड्रोसोफिला) : पिवळसर तपकिरी, ठेंगणी; डोळे बहुधा लाल. पिकलेली फळे, आंबलेले पदार्थ व ओला कचरा यांवर आढळतात. आंबा, पेरू इत्यादी फळांत अंडी घालणारी शेतीतील फळमाशी ही यांहून निराळी व आकाराने मोठी असते.
- न्हाणीघरातील माशी (सायकोडिडी कुल) : अंगावर व पंखांवर दाट केस; बसल्यावर लहान पतंगासारखी दिसते. मोरी व सांडपाण्याच्या नळीतील गाळात वाढते.
- स्कॅटेला प्रजातीची माशी : दणकट बांधा, आखूड शृंगिका, पंखांवर फिकट ठिपके. हरितगृहातील शैवालावर जगते.
- पांढरी माशी : ही खरी माशी नसून मावा, तुडतुडे यांच्या गणातील रस शोषणारा कीटक आहे. पानांच्या खालच्या बाजूस राहते.
- स्प्रिंगटेल : पंखहीन, अतिसूक्ष्म, पाणी घातल्यावर मातीवर उड्या मारणारे जीव. झाडाला सहसा अपाय करत नाहीत.

कोणत्या कुंडीत अळ्या आहेत हे पाहण्यासाठी बटाट्याचा उपयोग होतो. कच्च्या बटाट्याची फोड मातीवर, तिचा कापलेला भाग खाली येईल अशी ठेवतात. दोन-तीन दिवसांनी ती उचलून पाहिल्यास तिच्या खालच्या बाजूस काळ्या डोक्याच्या अळ्या जमलेल्या आढळतात. फोड अळ्यांसह टाकून दिल्याने काही अळ्या कमीही होतात. परंतु हा मुख्यतः तपासणीचा मार्ग आहे.

नियंत्रण

पाण्याचे नियमन

सर्व उपायांत हा पायाभूत होय. अळ्या प्रामुख्याने मातीच्या वरच्या ५ ते ८ सेंटिमीटर थरात असतात. अंडी व लहान अळ्या कोरडेपणा सहन करू शकत नाहीत. म्हणून दोन पाण्यांच्या मधल्या काळात वरचा २ ते ५ सेंटिमीटरचा थर पूर्ण वाळू द्यावा. बोट किंवा लाकडी काडी मातीत खोचून पाहावी. काडीला ओली माती चिकटल्यास पाणी घालू नये. कुंडी उचलून तिच्या वजनावरूनही ओलीचा अंदाज येतो.

झाडाच्या प्रकृतीनुसार यात फरक करावा लागतो. मनी प्लँट, स्नेक प्लँट, कोरफड यांना माती वाळलेली सहज चालते. नेचे व नुकतीच रुजलेली रोपे यांना तितका कोरडेपणा सोसत नाही. त्यांच्यासाठी खालून पाणी देण्याची पद्धत उपयोगी पडते. कुंडी पाण्याच्या पसरट भांड्यात वीस-तीस मिनिटे ठेवतात. तळाच्या छिद्रांतून पाणी वर चढते आणि पृष्ठभाग तुलनेने कोरडा राहतो. त्यानंतर कुंडी बाहेर काढून जादा पाणी निथळू द्यावे. या पद्धतीत क्षार मातीत साचत असल्याने अधूनमधून वरून पाणी घालून ते वाहून जाऊ द्यावे लागते.

कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी लगेच ओतून टाकावे. याचे महत्त्व केवळ चिलटांपुरते नाही. अशा स्वच्छ साचलेल्या पाण्यात डेंग्यू व चिकुनगुन्या यांचा प्रसार करणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची पैदास होते. अंड्यापासून डास तयार होण्यास अनुकूल हवेत आठवडा-दीड आठवडा पुरतो. महाराष्ट्रात आरोग्य यंत्रणा आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याचे जे आवाहन करतात, त्यात पाण्याच्या टाक्यांबरोबर कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फुलदाण्या यांचाही समावेश असतो. मनी प्लँट बाटलीतील पाण्यात वाढवल्यास कुंडीतील चिलटांना माती मिळत नाही. परंतु ते पाणी आठवड्यातून एकदा बदलले नाही, तर चिलटांच्या जागी डास येतात.

माती व कुंडी

गळून पडलेली पाने, कुजलेली फुले आणि बुरशी आलेला वरचा थर काढून टाकावा. माती फार चिकट असल्यास पुनर्लागवड करताना तीत जाड वाळू, परलाइट किंवा भाताच्या तुसाची राख मिसळून निचरा सुधारावा. कुजलेली, काळी व मऊ पडलेली मुळे स्वच्छ कात्रीने कापून टाकावीत. मातीच्या न रंगवलेल्या कुंड्यांच्या भिंतींतून ओल बाहेर पडते, त्यामुळे त्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांपेक्षा लवकर वाळतात. नवे मिश्रण वापरण्यापूर्वी कडक उन्हात पातळ पसरून वाळवल्यास त्यातील अळ्या मरतात. नवे रोप दोन-तीन आठवडे इतर झाडांपासून दूर ठेवणे हितावह असते.

पृष्ठभागावर जाड वाळूचा किंवा बारीक खडीचा थर देण्याचा उपाय प्रचलित आहे. कोरडा राहिल्यास तो मादीला अंडी घालण्यास अडथळा करतो. मात्र कुंडीच्या तळाच्या छिद्रांतूनही माश्यांची ये-जा होत असल्याने आणि वाळूखालची ओल डोळ्यांना दिसत नसल्याने एकट्या या उपायावर विसंबता येत नाही.

चिकट सापळे

प्रौढ माश्या पिवळ्या रंगाकडे आकर्षिल्या जातात. शेतीसाठी मिळणाऱ्या पिवळ्या चिकट सापळ्यांचे लहान तुकडे करून ते मातीच्या पृष्ठभागालगत ठेवतात. सापळ्यांमुळे अंडी घालणाऱ्या माद्या कमी होतात आणि दर आठवड्याला अडकलेल्या माश्या मोजल्यास उपाय लागू पडत आहे की नाही हे कळते. अळ्यांवर सापळ्यांचा परिणाम होत नाही. सरडे, पाली व लहान पक्षी चिकटू नयेत म्हणून बाल्कनीत हे सापळे उघडे टांगू नयेत.

जैविक उपाय

बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस (संक्षेपाने बीटीआय) हा मातीत आढळणारा जिवाणू आहे. त्याचा शोध १९७६ साली इस्रायलमधील नेगेव वाळवंटात लागला. हा जिवाणू तयार करत असलेले प्रथिनांचे स्फटिक अळीने खाल्ल्यावर तिच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतात आणि आतड्याचे अस्तर फाटून अळी मरते. माणसे व पाळीव प्राणी यांना त्यापासून अपाय होत नाही. भारतात त्याचा वापर मुख्यतः डासांच्या अळ्यांविरुद्ध केला जातो. कुंडीत तो पाण्यात मिसळून ओततात. जिवाणू अळीच्या पोटात जाणे आवश्यक असल्याने अंडी, कोष व प्रौढ माश्या यांच्यावर त्याचा परिणाम होत नाही. त्यामुळे तो दर आठवड्याला पुन्हा द्यावा लागतो. बाजारात मिळणारा बीटी कुर्स्टाकी हा प्रकार पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांसाठी असून चिलटांवर तो निरुपयोगी आहे. म्हणून खरेदी करताना वेष्टनावरील पूर्ण नाव वाचावे.

युरोप व उत्तर अमेरिकेतील हरितगृहांत स्टाइनर्नेमा फेल्टिए हे सूक्ष्म सूत्रकृमी वापरले जातात. ते अळीच्या शरीरात शिरून आपल्याबरोबरचे जिवाणू सोडतात व अळी एक-दोन दिवसांत मरते. स्ट्रॅटिओलेलॅप्स हा मातीत राहणारा परभक्षी माइट आणि डॅलोशिया हा लहान भुंगेरा यांचाही तेथे उपयोग केला जातो.

कडुनिंब

कडुनिंबाच्या बियांतील अझॅडिरॅक्टिन हे द्रव्य कीटकांच्या कात टाकण्याच्या क्रियेत बिघाड करते. निंबोळी अर्क किंवा अझॅडिरॅक्टिनयुक्त तयार द्रावण वेष्टनावरील प्रमाणात मातीत ओतल्यास अळ्यांची पुढील वाढ रोखली जाते. परिणाम सावकाश दिसतो. निंबोळी पेंड मातीत मिसळून वापरावी. पृष्ठभागावर पसरून ती ओली राहिल्यास तिच्यावरच बुरशी येते आणि मूळ हेतू विफल होतो.

रासायनिक कीटकनाशके

घरातील डास-झुरळांसाठी मिळणारे फवारे समोर उडणाऱ्या माश्या मारतात. मातीतील अवस्थांपर्यंत ते पोहोचत नाहीत. बंद खोलीत वारंवार फवारणी केल्याने घरातील माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या आणि दमेकऱ्यांच्या, श्वासात ते द्रव्य जाते. शेतीतील तीव्र कीटकनाशके घरात वापरणे धोक्याचे आहे. तुळस, कढीपत्ता, पुदिना, गवती चहा अशा खाण्यात येणाऱ्या झाडांच्या कुंडीत ती कधीही घालू नयेत.

प्रचलित घरगुती उपाय

व्हिनेगर व साबणाच्या पाण्याचा सापळा फळांवरील चिलटांसाठी परिणामकारक आहे, कारण ती आंबलेल्या वासाकडे येतात. कुंडीतील चिलटे त्यात क्वचितच मोठ्या संख्येने सापडतात. ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड एक भाग व पाणी चार भाग असे मिश्रण ओतल्यास स्पर्श झालेल्या अळ्या मरू शकतात. परंतु त्याचे लवकरच पाणी व प्राणवायू यांत विघटन होत असल्याने परिणाम टिकत नाही आणि वारंवार वापराने कोवळ्या मुळांना इजा होऊ शकते. शिवाय असे कोणतेही द्रावण ओतणे म्हणजे मातीत पुन्हा पाणी घालणेच असते. डायटमी मातीची भुकटी कोरडी असतानाच कीटकांवर काम करते, ओल्या कुंडीत ती निष्प्रभ ठरते. दालचिनीची पूड पृष्ठभागावरील बुरशी काही अंशी रोखू शकते. मातीत खोलवर असलेल्या अळ्यांपर्यंत ती पोहोचत नाही.

उपायांचा कालावधी

जीवनचक्राचा विचार करता उपाय किमान चार ते सहा आठवडे, म्हणजे दोन पिढ्यांच्या काळापर्यंत, चालू ठेवावे लागतात. आरंभी बटाट्याच्या फोडींनी बाधित कुंड्या शोधून त्या वेगळ्या ठेवाव्यात, पाणी कमी करावे आणि सापळे लावावेत. पहिल्या दोन आठवड्यांत माश्यांची संख्या घटली नाही, तरी ते अपयश नव्हे. आधीच तयार झालेल्या कोषांतून त्या बाहेर पडत असतात. तिसऱ्या आठवड्यानंतरही सापळ्यांवरील संख्या कमी होत नसल्यास एखादी दुर्लक्षित कुंडी, खताचे उघडे पोते किंवा बाल्कनीतील कचऱ्याचा डबा हे उगमस्थान असण्याची शक्यता तपासावी. घरातील सर्व कुंड्यांवर एकाच वेळी उपाय न केल्यास माश्या एका कुंडीतून दुसरीकडे जात राहतात.

अळिंबी लागवडीतील उपद्रव

अळिंबी ही स्वतःच बुरशी असल्याने तिची लागवड या माश्यांना विशेष अनुकूल असते. अळ्या बीजातून पसरणारे बुरशीचे तंतू खातात आणि अळिंबीच्या देठात शिरून तो पोखरतात. प्रौढ माश्यांच्या अंगाला चिकटून इतर बुरशींचे बीजाणू व माइट एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत जातात. महाराष्ट्रात भाताच्या किंवा गव्हाच्या काडावर घेतल्या जाणाऱ्या धिंगरी अळिंबीलाही हा उपद्रव होतो. काड योग्य तापमानाला निर्जंतुक करणे, खिडक्यांना बारीक जाळी लावणे, चिकट सापळे टांगणे आणि वापरून झालेल्या पिशव्या लागवडीच्या खोलीपासून दूर नेणे हे तेथील मुख्य प्रतिबंधक उपाय होत.

निसर्गातील स्थान

घरात उपद्रवी ठरणारा हा कीटकसमूह जंगलात उपयुक्त आहे. पडलेली पाने व लाकूड यांचे विघटन करून त्यांतील पोषकद्रव्ये मातीला परत देण्याच्या कामात अळ्यांचा वाटा असतो. कोळी, पक्षी, बेडूक इत्यादींचे त्या भक्ष्य असतात.

काही वनस्पतींचे परागीभवनही या माश्या करतात. सह्याद्रीत पावसाळ्यात उगवणाऱ्या सापकांद्याच्या (ॲरिसिमा) प्रजातीतील अनेक जाती परागीभवनासाठी बुरशीमाश्यांवर अवलंबून असतात. नागाच्या फणीसारख्या दिसणाऱ्या त्यांच्या फुलोऱ्याच्या नळीत माशी उतरते व अडकते. नर फुलोऱ्याच्या तळाशी असलेल्या फटीतून ती परागकण घेऊन सुटू शकते. मादी फुलोऱ्याला अशी वाट नसल्याने तेथे पोहोचलेली माशी पराग देऊन बहुधा आतच मरते. कासच्या पठारावर आढळणारी दवबिंदू (ड्रॉसेरा) ही कीटकभक्षी वनस्पती आपल्या चिकट केसांवर बारीक माश्या पकडते. कीटकभक्षी वनस्पतींचे काही छंदी संग्राहक घरातील चिलटे कमी करण्यासाठी तिच्यासारख्या वनस्पती कुंड्यांजवळ ठेवतात.

न्यूझीलंडमधील वायटोमो येथील गुहांच्या छतांवर निळसर प्रकाश देणारे जीव हे बुरशीमाश्यांच्या आप्तगटातील ॲरॅक्नोकॅम्पा ल्युमिनोसा या माशीच्या अळ्या होत. त्या रेशमासारखे चिकट धागे खाली सोडतात आणि प्रकाशाकडे आलेले कीटक त्यांत पकडतात.

आनुवंशिकीतील महत्त्व

ब्रॅडिसिया कोप्रोफिला या जातीचा आनुवंशिकीच्या इतिहासात महत्त्वाचा वाटा आहे. जुन्या लेखनात ती सायरा कोप्रोफिला या नावाने आढळते. अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स मेट्झ यांनी १९२० च्या दशकापासून तिच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. या जातीत काही माद्यांना केवळ मादी संतती, तर काहींना केवळ नर संतती होते. नराच्या शुक्रपेशी तयार होताना त्याला पित्याकडून मिळालेली गुणसूत्रे वगळली जातात आणि मातेकडून आलेली पुढे जातात. याचा अर्थ एखादे गुणसूत्र कोणाकडून आले याची खूण पेशी जपून ठेवते. या घटनेचे वर्णन करताना हेलन क्राउझ यांनी १९६० साली ‘ठसा’ या अर्थाची संज्ञा वापरली. पुढे सस्तन प्राण्यांत व माणसात आढळलेल्या, जनुकीय ठसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घटनेला याच संज्ञेवरून नाव मिळाले.

हेही पहा

- अळिंबी
- एडिस इजिप्ती
- एकात्मिक कीड व्यवस्थापन
- कडुनिंब
- कंपोस्ट खत
- कीटकभक्षी वनस्पती
- परागीभवन